रागाची खूणगाठ

माझा राग टिकत नाही, हे माझं जुनं दुःख आहे. सकाळी संतापावं, थरथरावं, दार आपटून कामावर जावं आणि संध्याकाळी "आज भाजी झकास झालीय" म्हणत पाटावर बसावं, असं सव्वीस वर्षं चाललंय. घरात माझ्या रागाला पाहुण्याइतकाही मान नाही. (पाहुण्याला निदान चहा तरी विचारतात.)

म्हणून त्या शुक्रवारी भयंकर भडकलो तेव्हा ठरवलं, हा राग विसरायचा नाही म्हणजे नाही. रुमाल काढला आणि करकचून गाठ मारली.

शनिवारी सकाळी गाठ दिसली. आपण रागावलोय, हे लख्ख आठवलं. का, ते काही केल्या आठवेना. कुणावर, हा प्रश्न मात्र पडला नाही. लग्न झालेल्या माणसाला तो पडत नसतो. मी तडक बायकोशी बोलणं बंद केलं.

"चहा ठेवू?" तिनं विचारलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"अजून राग गेला नाही वाटतं," ती म्हणाली, आणि हसली! चक्क हसली!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे कारण हिला ठाऊक, मला नाही, आणि वर ही हसणार! बरं, विचारायचीही सोय नाही. 'मी तुझ्यावर का चिडलोय गं?' असं विचारणाऱ्या नवऱ्यानं पुढं कुठल्या तोंडानं चिडायचं?

मी बस डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसतो. लोक छत्र्या विसरतात, डबे विसरतात, एकानं तर कवळी विसरली होती. मग येतात आणि म्हणतात, "काळी छत्री." मूठ कसली? आठवत नाही. कुठल्या बसमध्ये? आठवत नाही. अशा लोकांवर मी जन्मभर खेकसत आलोय. त्या आठवड्यात इतका खेकसलो, की शेजारच्या टेबलावरच्या नोंदणीच्या बाई म्हणाल्या, "साहेब, तुमचं स्वतःचं काय हरवलंय?"

मी सांगून टाकलं. बाईंनी गंभीरपणे दाव्याचा फॉर्म पुढं सरकवला. मीही भरला. हरवलेली वस्तू : रागाचं कारण. शेवटची कुठं पाहिली : घरी, फोनजवळ. (फोनजवळ का लिहिलं, देव जाणे.)

"मिळेल का हो?" मी विचारलं.

"तीन महिने वाट बघू," बाई म्हणाल्या, "नाहीतर लिलावात काढू."

त्यांच्यावरही चिडलो.

एक ताई तेवढी माझी. माझी मोठी बहीण. रोज जेवणाच्या सुट्टीत तिला फोन करायचा आणि मन मोकळं करायचं. "बोल बाळ्या, काही मनात ठेवू नकोस," असं ती इतक्या उत्सुकतेनं म्हणायची, की मला भरून यायचं. नेमकं कारण सापडत नव्हतं, म्हणून मी सव्वीस वर्षांतली सगळीच कारणं सांगितली. सांगता सांगता राग वाढत गेला.

इकडं घरी बायको गुणगुणत होती. शर्टाची बटणं लावून ठेवत होती. मी फणकाऱ्यानं ताट सरकवलं, की "असू दे, असू दे" म्हणायची. ह्या बाईला माझ्या रागाची काडीची किंमत नाही! शेवटी मी बॅग भरली आणि ताईला सांगितलं, "रविवारी ये. तुझ्यासमोर हिनं माफी मागितली तर ठीक, नाहीतर मी तुझ्याकडं राहायला येतोय."

रविवारी ताई आली. खुर्चीत ऐसपैस बसली. "हं, बोल. काय केलं हिनं?"

झाली का पंचाईत! "तिलाच विचार," मी गरजलो. "तिला चांगलं माहीत आहे!"

"मी?" बायको हातातला कप तसाच धरून उभी राहिली. "अहो, तुमचा राग ताईंवर होता ना?"

"ताईवर?"

"त्या शुक्रवारी फोनच्या स्पीकरवर ताई म्हणाल्या, 'हिला संसार जमलाच नाही.' तुम्ही केवढ्यानं ओरडलात, 'माझ्या बायकोबद्दल एक अक्षर बोलायचं नाही!' आणि फोन आपटलात. मी स्वयंपाकघरातून ऐकलं." तिचा आवाज बारीक झाला. "सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, माझ्यासाठी इतके चिडलेत, तर चिडू देत आठ दिवस."

माझी छाती जराशी फुगली.

"अगं, कसला माझ्यावर राग!" ताई म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी ह्याचा फोन. तेव्हापासून रोज एक तास तुझी गाऱ्हाणी सांगतोय. परवा तर तुझ्या माहेरापर्यंत पोचला होता."

बायकोनं कप खाली ठेवला. अगदी हळू. आपटला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. आज अकरावा दिवस. ती गुणगुणतही नाही. मला फार वाईट वाटतं आणि स्वतःचा असा राग येतो, की विचारू नका. हा राग टिकलाय.

काल धीर करून मध्यस्थीसाठी ताईला फोन लावला. संध्याकाळभर उचलला नाही. शेवटी रात्री उचलला तेव्हा कळलं, जन्मात एकमेकींशी न पटलेल्या ह्या नणंद-भावजया जोडीनं सिनेमाला गेल्या होत्या.

"मग माझं तिकीट?" मी ओरडलो.

"अय्या," ताई म्हणाली, "विसरलोच की रे आम्ही!"