किसनमामाची गाईडं

खोडाळ्याला माझा किसनमामा राहतो. शाळेत शिपाई होता. त्याच्या घरात देवांच्या फळीपेक्षा गाईडांची फळी मोठी. दहावीची जुनी गाईडं, प्रत्येकाला खाकी कव्हर. पास झालेल्या पोरांकडून मागून आणायची आणि नापासांना वाचायला द्यायची. अट एकच. पहिल्या कोऱ्या पानावर आपल्या हातानं लिहायचं, ‘मी पान दुमडणार नाही’, आणि खाली नाव. मीही लिहिलंय.

“गाईडाशिवाय पास झालेला माणूस मी बघितला नाय,” असं तो शिक्षकांच्या तोंडावर म्हणायचा.

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. हे मी न विचारता सांगतो. एसटीच्या कंडक्टरलाही सांगितलंय. पुढे कॉम्प्युटरमध्ये एमएस्सी झालो आणि पीएचडीला अर्ज केला. हातानं लिहिलेलं मराठी कॉम्प्युटरला वाचता यावं, हा माझा विषय. दोन प्राध्यापकांनी विचारलं, “अक्षरांचे नमुने कुठून आणणार?” मी इंग्रजीत दहा मिनिटं बोललो. दोघांनीही नाही म्हटलं. महिनाभरात कुणी हाताखाली घेतलं नाही तर प्रवेश रद्द होणार होता.

शिमग्याला मामाकडे गेलो, तो तोंड पाडूनच.

“काय रं, असा का बसलास?”

“मामा, गाईड मिळत नाही.”

“येवढंच ना? मोखाड्यात बघतो. नाय तर जव्हारला.”

तेव्हाच समजावून सांगायला हवं होतं. पण मला वाटलं, पंचायत समितीत मामाची ओळख आहे, निघेल एखादा प्राध्यापक. एमएस्सीला असली अक्कल शिकवत नाहीत.

तिसऱ्या दिवशी मामा थेट नाशिकहून परतला. “पीएचडीचं अजून आलं नाय म्हणतात. तवर हे वाच.” बारावीचं कॉम्प्युटरचं गाईड होतं. कव्हरही घालून आणलेलं.

“मामा, आमच्यात गाईड म्हणजे माणूस असतो. शिकवणारा.”

“मग उत्तरं कुठं छापलेली?”

“छापलेली नसतात. उत्तर कुणालाच माहीत नसतं.”

“गाईडालाबी नाय?”

“त्यालाही नाही.”

मामानं आणलेलं गाईड फळीवर ठेवलं. मग म्हणाला, “म्हंजे पोराला येकटंच सोडतात म्हण की.”

मी उगाच काहीतरी करायचं म्हणून फळीवरचं एक गाईड उघडलं. मग दुसरं. मग सगळीच काढली. तेच एक वाक्य, किती वर्षांच्या किती पोरापोरींच्या हातचं. नमुने नाहीत म्हणून मी दारोदार फिरत होतो आणि त्यातला एक नमुना माझाच होता.

“नेतो का मामा? परत आणीन.”

“ने. पान दुमडायचं नाय.”

तिसऱ्या प्राध्यापकांनी गाईडांचं पोतं उघडून पाहिलं आणि मला घेतलं.

पानं स्कॅन करताना पोत्याच्या तळाशी सगळ्यात जुनं गाईड निघालं. पहिल्या पानावर तेच वाक्य सात वेळा, प्रत्येकापुढे पुढचं साल, आणि साती ठिकाणी नाव एकच, किसन. पहिल्या वेळचं अक्षर वाकडंतिकडं, सातव्या वेळचं छापल्यासारखं. मामा दहावी नापास आहे हे मला ठाऊक होतं. सात वेळा बसला होता, हे ठाऊक नव्हतं. पान एकही दुमडलेलं नव्हतं.

“हे नमुने एकाच माणसाचे आहेत,” सर म्हणाले. “एक ठेवा, सहा काढून टाका.”

सरांची तेवढी एकच गोष्ट मी ऐकली नाही.