मोरीच्या तेलावरचे ब्रेक

“माझी शेवंती बैलगाडयेतसून नाय, बापाशीच्या ट्रकातसून सासराक जातली! लिवन ठेवा!”

दाजी परबांनी ही घोषणा तोंडवलीच्या चहाच्या दुकानात केली, छातीवर हात मारून. आता तुम्ही म्हणाल, यात वाईट काय? वाईट काहीच नाही. फक्त ट्रक बंद होता!

महायुद्ध संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेला तो ट्रक दाजींच्या फणसाखाली येऊन उभा राहिला, तो उभाच. गेली कित्येक वर्षं त्याच्या बॉनेटवर दाजींच्या पत्नी सावित्रीवहिनी मिरच्या वाळत घालत, आणि ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसे. दाजी दर रविवारी ट्रकाखाली शिरत आणि संध्याकाळी कमरेत वाकून बाहेर येत. बास, एवढीच त्या ट्रकाची हालचाल.

लग्न होतं पिंगुळीला, नवऱ्या मुलाच्या दारात. व्याही भिकाजी भला माणूस. म्हणाले, “दाजीनू, मी गाडये धाडतंय.” दाजी म्हणाले, “नको!” भिकाजींनी त्या गाड्या दुसऱ्या एका लग्नाला देऊन टाकल्या. लग्नसराईत आता गाडी कुठली मिळायला! म्हणजे ट्रक चालला नाही, तर नवरी मुंडावळ्या बांधून चालत जाणार, मुहूर्त चुकणार, आणि दाजींचं तोंड आयुष्यभर फणसाखालीच राहणार.

“आता काय करतल्यास?” सावित्रीवहिनींनी विचारलं.

“मेस्त्री बघतंय,” दाजी थकून म्हणाले. हे वाक्य म्हणतानाही त्यांना दम लागला.

मोटारीचा मेस्त्री काही मिळेना. शेवटी देवबागहून महादू मेस्त्री आला. हा खाडीतल्या लाँचांची इंजिनं दुरुस्त करणारा. इंजिनाच्या पोटावर कान ठेवून रोग सांगणारा माणूस!

महादूनं ट्रकाचं इंजिन खाली उतरवून अंगणभर मांडलं. अंगणाला आठवड्याच्या बाजाराची कळा आली. नटबोल्ट सुपात, पिस्टन परातीत, कार्बोरेटर तुळशीच्या कट्ट्यावर. वहिनींना भाकऱ्या थापायला परात मिळेना. सगळं घासूनपुसून परत जोडलं, दाजींनी हँडल मारलं. एकदा, दोनदा, दाजींचा खांदा निखळायच्या बेताला आला, आणि धडाड्! इंजिन चालू! आवाज असा, की किनाऱ्यावरची माणसं लाँच आली म्हणून बोचकी घेऊन धावली!

“बघलास?” महादू म्हणाला. “आता ह्यो ट्रक मुंबयक जातलो!”

“जातलो रे. पण थांबतलो कसो? ब्रेकाचा काय?”

महादूनं डोकं खाजवलं. “दाजीनू, खरा सांगू? होडयेक ब्रेक नसतत.”

“मगे ती थांबता कशी?”

“वाळू लागली काय थांबता.”

दाजी मटकन ट्रकाच्या पायरीवर बसले. पण महादू हार मानणारा नव्हता. त्यानं ब्रेकाच्या नळ्या उकलल्या, फुंकून पाहिल्या, रबरं पुसली. घोडं अडलं ते ब्रेकच्या तेलावर. ते जवळपास कुठं मिळेना.

“तेल ता तेल!” महादूनं निकाल दिला. “होडयेक मोरीचा तेल लावतत. दर्याचा पाणी त्याच्यापुढे हरता, ह्या ब्रेकाचा काय घेवन बसलास?”

मोरी म्हणजे शार्क मासा. त्याच्या काळजाचं तेल लाकडाला फासलं की होडी कुजत नाही. वास मात्र असा, की माणूस कुजल्यासारखा वाटतो! ते डबाभर तेल महादूनं ब्रेकात ओतलं. दाजींनी ट्रक अंगणात जरा पुढं घेतला आणि पाय दाबला. ट्रक थांबला! दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्धं आनंदाचं, अर्धं वासाचं.

दुसऱ्या दिवशी पुढच्या चाकाशी मांजरं दिसली. बोका, मांजरी, पिल्लं, शेजारच्या वाडीतले पाहुणेसुद्धा! सगळी तल्लीन होऊन चाक चाटत होती.

“गळता वाटता,” दाजी म्हणाले.

“बरा झाला,” महादू म्हणाला. “खंय गळता ता शोधूचो तरास वाचलो!”

जिथं मांजर चाटेल तिथं महादू सुतळी गुंडाळी. मग मांजरं दुसऱ्या चाकाकडे जात. तिथं सुतळी! असं करता करता लग्नाचा दिवस उजाडला. निघताना महादूनं मागच्या हौद्यात होडीचा नांगर आणून टाकला, जाड दोरासकट.

“ह्यो कित्याक रे मेल्या?”

“साथीक. नांगराबिगर निघूचा नसता.”

पुढं दाजी, वहिनी आणि शालूतली शेवंती. मागं वऱ्हाड, नांगर आणि महादू. ट्रक निघाला आणि त्याच्यामागं मांजरांची वरात! वेशीपर्यंत आली बिचारी.

“बाबा, माका माशाचो वास येता,” शेवंती नाकाला पदर लावून म्हणाली.

“नाक बंद कर आनि देवाचा नाव घे.”

“वो, सासरची माणसा काय म्हणतली?” वहिनी कडाडल्या. “नवरी आसा काय बांगडो?”

कुडाळपर्यंत ट्रक शहाण्यासारखा चालला. पिंगुळी आली. समोर उतार, उताराच्या तळाला भिकाजींचा मांडव, सनईवाला, नटूनथटून उभी माणसं. दाजींचा थकवा कुठल्या कुठे पळाला! त्यांनी ऐटीत हॉर्न दाबला आणि ब्रेकवर पाय ठेवला.

पाय खाली गेला. गेला तो गेलाच! मोरीच्या तेलानं रबरं पुरणपोळीसारखी फुगून फाटली होती.

“महादूऽऽ! ब्रेक गेलो!”

मागून उत्साही आवाज आला. “काळजी नको! नांगर टाकतंय!”

“टाकू नको! तुझ्या पाया पडतंय!”

पण इतकी वर्षं लाँचीवर काढलेला माणूस, त्याचा हात थांबतोय कुठला! नांगर सुटला. आधी त्यानं कुंपण उचललं. मग वाळत घातलेलं एक लुगडं. मग सनईवाल्याचं धोतर, आणि सनईवाला अर्ध्या सुरात दगडी गडग्याआड! ट्रक मांडवाला वळसा घालून गेला, नांगर मात्र सरळ मांडवात शिरला आणि मधल्या खांबाला मिठी मारून बसला. दोर ताणला, खांब उपटला, अख्खा मांडव व्याह्यांच्या डोक्यावर बसला, आणि ट्रक गवताच्या उडवीत तोंड खुपसून थांबला.

कुणाला खरचटलं नाही.

दाजी खाली उतरले. आता लग्न मोडणार, पोर परत न्यावी लागणार, तीही चालत. मांडवाचं कापड हललं आणि भिकाजी बाहेर आले. डोक्यावर आंब्याचं तोरण, फेटा गायब. दाजींनी हात जोडले.

भिकाजींनी वर सूर्याकडे पाहिलं. मग ट्रकाकडे. मग शेवंतीकडे. ती अंगावरचं गवत झटकत ट्रकातून उतरत होती, हसू दाबत. पलीकडे नवरा मुलगाही हसू दाबत होता.

“येळ झालो नाय अजून,” भिकाजी म्हणाले. “भटजीनू, खंय आसास? कापडाखालसून भायर येवा! लगीन लावूया.”

उघड्या आभाळाखाली अक्षता पडल्या. नवरीच्या वासाबद्दल विहीणबाईंनी एक अक्षर काढलं नाही. त्या मालवणच्या किनाऱ्यावरच्याच होत्या, त्यांना माहेर आठवलं म्हणे!

जेवणं उरकल्यावर भिकाजी हळूच दाजींजवळ येऊन बसले. “व्याही, एक इचारू? रागवू नकात. शेवंतीच्या पाठचा तुमका आजून एक चेडू आसा ना? धाकटा?”

“आसा.”

“तेचा लगीन खंय जमला काय?”

“नाय आजून. कित्याक?”

“जमला की माका आदी कळवा. त्या गावाक आगाऊ सांगान ठेवतंय. बायलमाणसां, पोरांटोरां बाजूक तरी करतीत.”

दाजींनी दमलेल्या डोळ्यांनी उताराकडे पाहिलं, उपटलेल्या खांबाकडे पाहिलं आणि प्रामाणिकपणे विचार करून म्हणाले,

“तुमच्याच वाडयेत कोण लग्नाचो झील आसलो तर बगा. ट्रकाक रस्तो पाठ झालो आता.”