एकमताने खेद

नाही म्हणण्याची पद्धत जितकी सभ्य, तितकं राष्ट्र प्रगत असतं. काही देशांत माणसाला नुसतंच हाकलून देतात. आमच्या कॅनडात त्याला आधी खुर्ची देतात, मग त्याचे आभार मानतात, मग त्याच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवतात, आणि मग दार दाखवतात. (परिणाम सारखाच होतो, पण दारापर्यंतची चाल फार सुखाची होते.)

याचा एक उत्तम नमुना मी जूनमधल्या एका गुरुवारी ऑटावाच्या संसदेत, प्रेक्षकांच्या गॅलरीतून पाहिला. उन्हाळ्याच्या सुट्टीआधीची ती शेवटची बैठक होती. माझ्याबरोबर रोझाना मावशी होती. आमचं काम लहान होतं. माझी आई, फिलोमीन मक्वा, फेब्रुवारीत गेली होती, आणि तिला माती द्यायला एक कायदा हवा होता.

इथे थोडा खुलासा आवश्यक आहे. आमच्याकडे फेब्रुवारीत जमीन लोखंडासारखी होते. त्यामुळे हिवाळ्यात गेलेला माणूस वसंत येईपर्यंत गावाबाहेरच्या दगडी कोठीत, पेटीत, थांबतो. बर्फ वितळलं की ज्याची त्याची माणसं येतात आणि ज्याला त्याला घेऊन जातात. या वर्षी मे संपेपर्यंत सगळे गेले. आई राहिली. कोठी सांभाळणारे गृहस्थ अतिशय भिडस्त. ते फक्त एवढंच म्हणाले की छपराची दुरुस्ती जूनअखेर सुरू होईल, पण आमच्यावर कसलाही दबाव नाही.

आईला नदीच्या वळणावरच्या जुन्या दफनभूमीत जायचं होतं. तिथे तिची आई आहे आणि तिचा पहिला मुलगा आहे, जो माझ्याआधी आला आणि लगेच परत गेला. ही जागा दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या गोदामासाठी तात्पुरती घेतली गेली. गोदाम कधी बांधलं नाही. कुंपण मात्र बांधलं आणि त्याची निगा उत्तम राखली जाते. (‘तात्पुरती’ या शब्दाची मुदत सरकारी कोशात दिलेली नाही.) जागा आम्हा अल्गोन्क्विन लोकांना, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांना, परत देण्याचं विधेयक तयार होतं. दोन्ही बाजूंना ते मान्य होतं. खरं तर ते इतकं मान्य होतं की गेली कित्येक वर्षं त्यावर चर्चा करण्याची कुणाला गरजच वाटली नव्हती.

आई दर वर्षी एकदा या गॅलरीत येऊन बसायची. घरी आल्यावर आम्ही विचारायचो, काय झालं? ती बूट काढत म्हणायची, “माणसं वाईट नाहीत गं. पण त्यांना उठायला-बसायलाच फार वेळ लागतो.”

त्या दिवशी कामकाज प्रार्थनेने सुरू झालं. त्यानंतर जो जो सदस्य बोलायला उठला, त्याने प्रथम हे नमूद केलं की ही इमारत अल्गोन्क्विन लोकांनी कधीही न दिलेल्या भूमीवर उभी आहे, आणि त्याबद्दल तो त्यांचा ऋणी आहे. ही प्रथा फार सुंदर आहे. घर आपलं नाही हे पाहुण्याने रोज सकाळी मोठ्याने सांगावं आणि मग पलंगावर आडवं व्हावं, यात एक प्रामाणिकपणा आहे. दुपारपर्यंत आमचे चौदा वेळा आभार मानून झाले. मावशी रीतीला पक्की. ती प्रत्येक वेळी पुटपुटायची, “असू दे, असू दे.”

पाचव्या ‘असू दे’ला गॅलरीचा सुरक्षारक्षक वाकून म्हणाला, “मॅडम, इथे बोलायला मनाई आहे.”

“अरे, माझेच आभार मानतायत ते. गप्प बसले तर मला उद्धट नाही का म्हणणार?”

“मॅडम, ते तुम्हाला उद्देशून नाहीये.”

“मग कुणाला? अल्गोन्क्विन आणखी कोण बसलंय इथे? बोलाव त्याला, मी त्याच्याशी बोलते.”

रक्षकाने गॅलरीभर नजर फिरवली, आणि तो आपल्या जागेवर परत गेला. त्यानंतर मावशी मनात म्हणत राहिली, पण ओठ हलवून.

मग सदस्यांची निवेदनं झाली. शंभरी गाठलेल्या एका आजीबाई, एका शाळेचा हॉकीचा उपविजेता संघ, मधमाश्यांचा राष्ट्रीय सप्ताह आणि एक बटाटा महोत्सव यांचा गौरव झाला. त्यानंतर प्रश्नोत्तराचा तास. या तासात विरोधी बाजू प्रश्न विचारते आणि सरकारी बाजू दुसऱ्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर देते. दोन्ही एकाच दिवशी होतात, हे लोकशाहीचं यश मानलं जातं. घरभाड्यांबद्दल विचारलं तेव्हा मागच्या सरकारची चूक सांगण्यात आली. मागच्या सरकारबद्दल विचारलं तेव्हा हवामानाची.

तास संपल्यावर सभापतींनी गॅलरीकडे हात केला आणि आमची ओळख करून दिली. सगळं सभागृह उभं राहिलं. डावे, उजवे, मधले, सगळे. टाळ्या थांबेनात. आम्हाला मात्र नियमाप्रमाणे उभं राहता येत नव्हतं, टाळ्या वाजवता येत नव्हत्या आणि हात हलवता येत नव्हता. तेव्हा सगळा देश आमच्यासाठी उभा होता आणि आम्ही पर्स मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत बसलो होतो. देशाला ते फार आवडलं.

यानंतर मंत्रीबाई उठल्या. त्या आईला दोनदा भेटल्या होत्या, आणि तिच्याबद्दल खरोखरच मनापासून बोलल्या. त्यांनी प्रस्ताव मांडला की वेळ थोडा असल्यामुळे विधेयकाची सगळी वाचनं झाली असं समजावं आणि ते आत्ताच संमत व्हावं. याला सभागृहाची एकमताची संमती लागते. ही पद्धत अत्यंत सोपी आहे. सभापती विचारतात, सगळे गप्प राहिले की काम होतं, आणि कुणी एकाने जरी ‘नाही’ म्हटलं तर होत नाही.

आता हे ‘नाही’ वाऱ्यावर सोडून चालत नाही. म्हणून प्रत्येक पक्ष एक भरवशाचा माणूस सभागृहात कायम बसवून ठेवतो. समोरच्या बाजूने अचानक काही चांगलं संमत करून घेऊ नये, एवढीच त्याची जबाबदारी. सरकारी बाजूला हे काम अकरा वर्षं श्री. ओरेस्ट मेल्निक करत होते. गव्हाच्या मुलखातले, रुंद खांद्यांचे, मनाने मऊ. ते पेपर वाचताना ‘नाही’ म्हणू शकत, मोजे ओढताना म्हणू शकत आणि जेवणानंतरच्या गुंगीतही त्यांचा ठोका कधी चुकला नव्हता. (कार्यवाहीच्या नोंदीत अशा वेळी नाव येत नाही. ‘एक माननीय सदस्य : नाही’ एवढंच छापतात. या एका माननीय सदस्याने देशाचा जितका इतिहास थांबवला आहे, तितका कुठल्याही पंतप्रधानाने घडवलेला नाही.)

मेल्निक विधेयकाच्या बाजूचे होते. त्यांनी कोटाला आमच्या लोकांना पाठिंबा दाखवणारी नारिंगी फीतही लावली होती. मंत्रीबाईंचं भाषण ऐकून त्यांनी डोळे पुसले, रुमाल खिशात ठेवायला ते किंचित वळले, आणि तेवढ्यात सभापतींनी विचारलं, “सभागृहाची एकमताची संमती आहे?”

“नाही,” मेल्निक म्हणाले.

स्वच्छ, खणखणीत, अकरा वर्षांच्या रियाजाचं ‘नाही’.

मग जी शांतता पसरली ती मेल्निकना सर्वांत शेवटी ऐकू आली. ते उठले, लाल झाले आणि म्हणाले, “सभापती महोदय, मी ‘हो’च्या अर्थाने ‘नाही’ म्हणालो.”

सभापतींनी सहानुभूतीने सांगितलं की अर्थाची नोंद घेण्याची तरतूद नियमांत नाही. उच्चारलेलं ‘नाही’ मागे घ्यायचं असेल तर त्यालाही सभागृहाची एकमताची संमती लागेल. ती आहे का?

“नाही,” विरोधी बाकांवरून आवाज आला.

या मादाम सिल्वी थिबोदो. विरोधी पक्षाचं ‘नाही’ त्या सांभाळत. पण त्यांचं सवयीचं नव्हतं, विचारांती होतं. त्या म्हणाल्या, “माझा या विधेयकाला मनापासून पाठिंबा आहे. गॅलरीतल्या या ताईंना मी माझ्या आईच्या जागी मानते. पण आज आपण एका सदस्याचं ‘नाही’ पुसलं, तर उद्या कुणाचंही पुसलं जाईल. श्री. मेल्निक यांच्या ‘नाही’चं रक्षण मी शेवटपर्यंत करीन, मग ते स्वतः काहीही म्हणोत!”

सभागृह गहिवरलं. दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. मेल्निकही वाजवत होते. आपल्या शब्दासाठी आजवर कुणी इतकं लढलं नव्हतं.

“काय झालं?” मावशीने माझ्या कानात विचारलं.

“सगळ्यांचा पाठिंबा आहे.”

“मग?”

“म्हणून होत नाहीये.”

मावशीने मान डोलावली. तिने आयुष्यभर सरकारी खात्याशी व्यवहार केला होता, त्यामुळे तिला ते लगेच कळलं.

अशा वेळी लहान देश हात झटकून घरी गेला असता. आमच्या सभागृहाने तसं केलं नाही. लगेच एक नवा ठराव आला : एकमताची संमती न मिळाल्याबद्दल हे सभागृह खेद व्यक्त करतं. त्यावर दिवसातली सर्वांत सखोल चर्चा झाली. नुसता खेद पुरेसा नाही, ‘तीव्र खेद’ हवा, असं काहींचं म्हणणं पडलं. ‘तीव्र’मधून कुणाचा तरी दोष सूचित होतो, म्हणून ‘गाढ’ ठेवावं, असं इतरांचं. दोन्ही बाजूंची माणसं पडद्याआड जाऊन बोलून आली. अखेर ‘गाढ व मनःपूर्वक’ यावर तडजोड झाली. सभापतींनी विचारलं, एकमताची संमती आहे? दोन्ही भरवशाच्या माणसांनी तोंडावर हात धरले होते. ठराव एकमताने संमत झाला. सर्वसंमतीने काही करता येत नाही, हे सभागृहाने अशा रीतीने सर्वसंमतीने मान्य केलं.

त्यानंतर फिलोमीन मक्वा यांच्या स्मरणार्थ एक मिनिट शांतता पाळण्यात आली. सगळे उभे राहिले. रक्षकाने हळूच खूण केली की आता आम्हीही उभं राहू शकतो. एवढी मोठी जागा इतकी गप्प झालेली मी कधी पाहिली नव्हती. हे आईला सांगावं म्हणून मी शेजारी वळले. तिथे मावशी होती.

मग सभागृहाने सप्टेंबरपर्यंत सुट्टी घेतली. हेही एकमताने झालं आणि त्याला खोकण्याइतकाही वेळ लागला नाही. विधेयक शरद ऋतूत पुन्हा पहिल्या वाचनापासून येईल. तोवर बहुधा निवडणूक असेल.

बाहेर पायऱ्यांवर मेल्निक आमची वाट पाहत होते. टोपी हातात.

“ताई, माझा पूर्ण पाठिंबा होता हो तुम्हाला.”

“ऐकू आला,” मावशी म्हणाली. “शेवटच्या रांगेपर्यंत.”

“सवय हो. घरी बायको चहा विचारते, तरी आधी तेच निघतं.”

“मग चहा मिळतो का?”

“मिळतो. ती माझं ऐकत नाही.”

मावशीने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. बाजारात घोडा पाहावा तसं. “खणता येतं का तुम्हाला?”

“शेतकऱ्याचा मुलगा आहे मी. का?”

“आम्ही शनिवारी खणतोय.”

“परवानगी...?”

“हे बघा,” मावशी म्हणाली, “त्यांनी विधेयक फेटाळलं का?”

“नाही. मतालाच नाही टाकलं.”

“फिलोमीनला तिथे ठेवू नका, असा ठराव केला का कुणी?”

“नाही.”

“ती अजून बाहेर आहे याचं सगळ्यांना वाईट वाटलं ना?”

“एकमताने,” मेल्निक म्हणाले.

“मग त्यांचं वाईट वाटणं संपवायला नको?”

मेल्निकनी टोपी डोक्यावर चढवली. शनिवारी त्यांच्या मतदारसंघात बटाटा महोत्सव होता, आणि ते प्रमुख पाहुणे होते. त्यांनी ते अतिशय दुःखाने सांगितलं. मावशीने त्यांच्या दंडावर थोपटलं आणि म्हणाली, “असू दे.”

वाचकहो, हे सगळं वाचताना तुम्हालाही वाईट वाटलं असणार. मध्ये कुठेतरी मान हलली असेल, काय माणसं आहेत, असं मनात आलं असेल. ते आम्हाला पोचलं. आभारी आहोत. पण खेदाचा साठा आमच्याकडे आता पुरेसा आहे. गाढ आहे, मनःपूर्वक आहे, आणि तीव्रसुद्धा थोडा उरला आहे. फावडी मात्र तीनच आहेत, आणि नदीकडची माती चिकट आहे. शनिवारी सकाळी कुंपणाच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यावर या. जेवण आमच्याकडे.

तुम्हाला त्या दिवशी नेमकं काम निघेल, याबद्दल आम्ही घरच्यांनी कालच खेद व्यक्त करून ठेवला आहे. एकमताने.