वर्गणी मागण्याची परवानगी मागण्याबाबत

"विचारायला काय जातं?" असं मी त्या सोमवारी म्हणालो. माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं याच वाक्याने सुरू झालेली आहेत (लग्नसुद्धा; पण हे आम्रपाली वाचणार असल्यामुळे ते संकटांत धरू नये).

मी सुखदेव रामटेके. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. मूळचा भंडाऱ्याकडचा, पण पंचवीस वर्षं पुण्यात काढल्यामुळे आता दुपारी एक ते चार बेल वाजली की मलाही राग येतो. मला कुतूहलाची खोड आहे. बसच्या तिकिटामागचे नियम मी वाचतो. औषधाच्या खोक्यातला तो घडीघडीचा पातळ कागद उलगडून वाचतो आणि मग गोळी घेत नाही. कुठलीही गोष्ट करायला माझी ना नसते, फक्त ती करण्याबद्दल नियम काय आहे हे मला आधी कळावं लागतं.

प्रश्न इन्व्हर्टरचा होता. आम्रपाली शाळेत शिकवते आणि संध्याकाळी धायरीत एक अभ्यासिका चालवते. अभ्यासिका म्हणजे बाबुराव पोकळे यांच्या घराची पुढची खोली, सहा बाकं, एक फळा आणि बावीस मुलं. ही गोष्ट दोन हजार सात सालची. तिकडे हिंजवडीत काचेच्या इमारती रात्रंदिवस लखलखत होत्या, आमच्या कोथरूडचं भारनियमनही थांबलं होतं, पण धायरीच्या त्या टोकाला रोज संध्याकाळी सहा ते नऊ वीज जायची. मुलांना अभ्यासाला नेमका तेवढाच वेळ मिळायचा. त्यातली पाच जण बारावीला होती आणि परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटी. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या यमुनाबाईंची अपेक्षा त्या पाचांपैकी एक. तिला इंजिनिअर व्हायचं होतं. घरी एकच खोली, पाच माणसं आणि एक टीव्ही, त्यामुळे अभ्यासिका नसती तर तिला अभ्यासाला जागाच नव्हती.

आम्रपालीची योजना सरळ होती. रविवारी सकाळी आपल्या सोसायटीतल्या चाळीस घरी जायचं, मुलांबद्दल सांगायचं, लोक देतील ते घ्यायचं आणि सोमवारी इन्व्हर्टर आणायचा.

मी म्हटलं, "पण अशी दारोदार वर्गणी मागायला परवानगी लागते का, ते एकदा विचारून येतो."

"गणपतीला मंडळाची पोरं येतात, ती कुठे विचारून येतात?" आम्रपाली म्हणाली.

"तेच तर मला बघायचंय," मी म्हणालो आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

वर्गणीच्या परवानग्या जिथे मिळतात त्या कचेरीत महिपती शेलार नावाचे एक सज्जन बसले होते. टेबलावर फायलींचे दोन गठ्ठे आणि मधल्या फटीत ते. मी त्यांना विचारलं, की एखाद्या अभ्यासिकेसाठी ओळखीच्या लोकांकडून थोडी वर्गणी गोळा करायची असेल तर परवानगी लागते का.

"कोणी तक्रार केलीय का आपल्याविरुद्ध?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग का विचारताय?"

"सहज. कुतूहल म्हणून."

महिपतरावांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मी कुठे नोकरीला आहे ते विचारलं. मी सांगितलं.

"म्हणजे आपण आपल्यातलेच," ते म्हणाले. "मग आपल्याला कळायला हवं होतं. आपण विचारलं नसतं तर मला माहीत नसतं. आता मला माहीत आहे."

त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो, फक्त दोन दिवसांनी या असं सांगून. त्यांनी मला कागदांची यादी दिली. वर्गणी कोण गोळा करणार, त्यांची समिती, समितीचा ठराव, सभेचं इतिवृत्त, सभासदांचे पत्ते, उद्देश, कालावधी, आणि ज्या भागात वर्गणी मागणार त्या भागाचं नाव. यादी वाचून मला, खरं सांगतो, आनंद झाला. एवढी सुबक यादी मी आमच्या खात्यातसुद्धा पाहिली नव्हती.

समितीची स्थापना आमच्या स्वयंपाकघरात झाली. अध्यक्षा आम्रपाली, चिटणीस मी, आणि सभासद म्हणून धायरीचे घरमालक बाबुराव, ज्यांची संमती मी फोनवर घेतली. (बाबुराव म्हणाले, "माझी खोली हाय, मी हाय, आता आनि कशाला हाय म्हनायचं?" पण ते 'हो' म्हणून नोंदवलं.) मी इतिवृत्त लिहायला बसलो. आम्रपाली कढईपाशी उभी होती.

"हेही लिहा," ती म्हणाली. "सभेदरम्यान वांगी करपली. ठराव सर्वानुमते मंजूर."

यमुनाबाई पोळ्या लाटता लाटता हे सगळं ऐकत होत्या. पैसे मागायचे तर एवढी वही कशाला भरायची, असं त्यांनी मला विचारलं. मी त्यांना कायद्याचं महत्त्व समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तव्यावरची पोळी उलटली.

आता दुसरी अडचण. आमच्या सोसायटीच्या फाटकावर एक पाटी आहे. 'क्रेडिट कार्ड, उदबत्ती, मोबाइल व वर्गणी यांसाठी येणाऱ्यांनी सेक्रेटरींची लेखी परवानगी पंधरा दिवस आधी घ्यावी. न घेता आल्यास अपमान होईल. तो सहन करावा.' ही पाटी गेल्या दिवाळीत लागली. मजकूर माझा. सेक्रेटरीही मीच.

म्हणजे वर्गणीसाठी मला माझी परवानगी घ्यायची होती. मी रीतसर अर्ज लिहिला, 'माननीय सेक्रेटरी यांसी' अशी सुरुवात करून, आणि खाली सही केली. मग तो स्वतःकडे दाखल करून घेतला, आवक क्रमांक टाकला, आणि मंजुरीसाठी पेन उचललं तेव्हा माझा हात थांबला. हे बरं दिसेल का, हे एकदा चेअरमनना विचारावं असं मला वाटलं.

आमचे चेअरमन माधवराव आगाशे हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. तळमजल्यावर एकटे राहतात, मुलगा बंगळूरला कॉम्प्युटरमध्ये. बोलणं मोजकं आणि तेही दुसऱ्याला लागेल असं. त्यांच्या बैठकीत दारापाशी विणलेला रुमाल घातलेली एक बुटकी तिपाई होती, तिच्यावर त्यांनी चहाचा कप ठेवला आणि त्याच्या शेजारी मी माझा अर्ज ठेवला.

माधवरावांनी तो दोनदा वाचला. "अर्ज आपला. मंजुरी आपली. उद्या हिशेबही आपणच तपासणार?"

"म्हणूनच तर विचारायला आलो."

"कमिटीपुढे ठेवा."

कमिटीची सभा महिन्याच्या पहिल्या रविवारी होते. त्यासाठी सात दिवस आधी सेक्रेटरीने नोटीस काढावी लागते. मी ती काढली. त्या सभेत गणपूर्ती झाली नाही, कारण भारताची मॅच होती. तहकूब सभा पुढच्या रविवारी भरली आणि वेळेअभावी हा विषय पुढच्या महिन्यावर गेला. दरम्यान मी माधवरावांकडे पाच वेळा गेलो, पाच वेळा चहा प्यायलो, पाच वेळा कप त्याच तिपाईवर ठेवला. तिकडे महिपतरावांकडूनही एक पत्र आलं, की इतिवृत्तात वांग्यांचा उल्लेख आढळतो, तो उद्देशाशी कसा संबंधित आहे याचा खुलासा करावा. (आम्रपालीने तो खरंच लिहून टाकला होता.) मी खुलासा केला. जानेवारी संपला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी आम्रपालीने मला डबा घेऊन धायरीला बोलावलं. मी पोहोचलो तेव्हा नुकतीच वीज गेली होती. बावीस मुलं आणि सात मेणबत्त्या. एका मेणबत्तीभोवती तिघं-चौघं डोकी जोडून बसली होती, आणि कोणी पान उलटलं की त्याच्या वाऱ्याने ज्योत हलायची आणि सगळे थांबायचे. अपेक्षा एका कोपऱ्यात फिजिक्सची गणितं सोडवत होती. तिच्या कपाळावरचे केस एका बाजूने जळून आखूड झाले होते.

"काका, परमिशनचं स्टेटस काय आहे?" तिने विचारलं.

मी म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे.

"परीक्षेच्या आधी येईल ना? नाही आली तरी चालेल. मी पहाटे उठून करते. पण या दहावीच्या पोरांना धुराने खोकला येतो."

मला लाज वाटली. साधी नाही, चांगली कानापर्यंत वाटली. महिनाभर मी एवढी धावपळ केली होती, आणि या खोलीत त्यातून एका वातीएवढासुद्धा उजेड पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, की आता परवानगी गेली खड्ड्यात, सरळ माधवरावांच्या दारापासून सुरुवात करायची. (तरीही आदल्या दिवशी पूर्वसूचना द्यावी का, हा प्रश्न जिना उतरताना माझ्या मनात आलाच.) बेल वाजवली. दार यमुनाबाईंनी उघडलं. त्या माधवरावांकडेही पोळ्या करतात, हे मला माहीत होतं. पण त्यांच्या पाठीमागे टेम्पोवाला एक खोकं उचलत होता. पांढरं, जड, वर हिरवा दिवा असलेलं, आणि त्याच्यासोबत एक मोठी बॅटरी. विणलेला रुमाल घडी करून खुर्चीवर ठेवला होता.

दारापाशी तिपाई नव्हती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"इन्व्हर्टर," माधवराव म्हणाले. "मुलाने पाठवला होता, वीज जायची तेव्हा. आता जात नाही. वर्षभर नुसता पडून होता. आपण कप ठेवायचात त्याच्यावर."

"सायेब, मी काल पोळ्या लाटताना म्हनलं," यमुनाबाई सांगू लागल्या, "ते डबडं पायात येतंय, आमच्या पोरांना द्या की. तर म्हनले, घेऊन जा. बॅटरीत पानी तेवढं घालायचं हाय."

मी मटकन खाली बसलो, म्हणजे तिपाई गेली हे नुकतंच पाहूनही तिच्यावरच टेकायला गेलो. माधवरावांनी मला हात देऊन उठवलं, हे त्यांच्याबद्दल सांगायला हवं.

"पण माधवराव," मी म्हणालो, "मी महिनाभर इथे येत होतो. आपण एका शब्दाने बोलला नाहीत."

"आपण इन्व्हर्टर मागितलात का?" माधवराव म्हणाले. "आपण मागण्याची परवानगी मागत होतात. ती कमिटीपुढे आहे."

त्याच शनिवारी संध्याकाळी अभ्यासिकेत इन्व्हर्टर सुरू करण्याचा छोटा समारंभ ठेवला. बाबुरावांनी पेढे आणले. माधवराव रिक्षाने आले आणि भाड्याबद्दल बोलले. घरून निघताना मला पोस्टाने आलेलं एक पाकीट मिळालं होतं. महिपतरावांनी परवानगी दिली होती, दोन शिक्क्यांसह, पंधरा दिवसांसाठी, संपूर्ण कोथरूड परिसरात. मी ती खिशात ठेवली होती आणि कोणी विचारलं तर दाखवणार होतो. कोणी विचारलं नाही.

सहा वाजले तरी वीज गेली नाही. सव्वासहा झाले. बावीस मुलं, आम्ही मोठी माणसं, सगळे वर दिव्याकडे बघत बसलो. वीज जावी म्हणून आतुर झालेली माणसं त्या गावाने त्या दिवशीच पाहिली असतील. बाबुराव म्हणाले, "एरवी घड्याळ लावावं तशी जाती, आज पाव्हनं आले तर अडलीय."

तेवढ्या वेळात मी आपला खोली बघत फिरलो. फळ्याच्या शेजारी पुठ्ठ्याची नवी पाटी होती. अक्षर अपेक्षाचं, ते मला तिच्या गणितांवरून माहीत होतं. लिहिलं होतं: 'अभ्यासिकेसाठी कोणतेही नवीन काम निघाल्यास ते आधी पूर्ण करावे. त्यानंतर रामटेके काकांना विचारावे.'

मी पाटी दोनदा वाचली. सगळे माझ्याकडे बघत होते. आम्रपाली पदर तोंडाला लावून उभी होती. मी मोठ्या मनाने हसलो, छान आहे म्हणालो, आणि तिथेच थांबलो असतो तर या गोष्टीत माझं थोडं तरी नाव राहिलं असतं.

पण भिंत बाबुरावांची होती, आणि खिळा नवा होता.

"अपेक्षा," मी म्हणालो, "खिळा ठोकायच्या आधी बाबुरावांना विचारलं होतं ना?"

आणि नेमकी वीज गेली. क्षणभर सगळा अंधार, मग कोपऱ्यातलं ते पांढरं खोकं 'टक' असं वाजलं आणि खोलीभर उजेड पडला. त्या उजेडात सगळ्यांना सर्वांत आधी मी दिसलो, पाटीखाली बोट वर करून उभा. टाळ्या अगदी कडकडून झाल्या, आणि त्या इन्व्हर्टरला होत्या की मला, हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही.