स्टेजकडे पाठ

आमचे शेजारी मल्लिनाथअण्णा सभेला गेले की खुर्ची उलटी फिरवून बसतात. वर पुढारी घसा फोडत असतो आणि हे त्याच्याकडे पाठ करून पब्लिक न्याहाळत असतात. एकदा एका कार्यकर्त्याने दरडावलं, तर शांतपणे म्हणाले, "त्यांचं बघायला तुमी हाय की. मी ह्यांचं बघतो."

सवय जुनी आहे. मैंदर्गीहून सोलापुरात आले ते थेटरात डोअरकीपर म्हणून लागले आणि थेटर बंद पडेपर्यंत तिथंच राहिले. दाराशी उभं राहून अंधारात माणसं बघायची, हेच काम. एकही पिक्चर धड बघितलेला नाही, पण मत प्रत्येकावर. आणि मत कसलं, निकालच! आमच्या सोलापूरकराला खुर्चीत बसलं की आधी चपला काढून मांडी घालायला लागते. शेवटाच्या आधीच पाय चपला चाचपायला लागले, की पिक्चर पडला. "पब्लिकनं चपला घातल्या," एवढं म्हणून अण्णा विषय मिटवतात. मग हिरो कितीही मोठा असो.

राजकारणालाही हाच नियम. एका उमेदवाराच्या भाषणावर आमची सगळी गल्ली लट्टू झाली होती. अण्णा म्हणाले, पडणार. पडला. तेव्हापासून त्यांच्याशी पैज लावणं मी सोडून दिलं. माझ्या निवृत्तीच्या समारंभात मी मोठ्या हौसेने बोललो, तर घरी परतताना त्यांनी तोंडावर सांगितलं की तिसऱ्या मिनिटाला पब्लिकच्या पायात चपला गेल्या. काय बोलणार अशा माणसाला!

अण्णांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरात ते आणि मुलगी महानंदा. ती बँकेत आहे, चाळिशीला आलेली. लग्न केलं नाही की झालं नाही, हे आम्ही कधी विचारलं नाही. यंदा तिने हौशी मंडळींच्या नाटकात काम घेतलं, आणि प्रयोगाआधीच अण्णांना बजावलं की लोकांना आवडलं नाही तर स्पष्ट सांगायचं, ती नाटक सोडून देईल.

झालं, अण्णांचं जेवणावरचं लक्ष उडालं. रोज माझ्याकडे येऊन बसायचे. तालमीहून आली की पोरगी गुणगुणत भाकरी थापते, आई गेल्यापासून तिला अशी बघितलीच नव्हती, असं सांगायचे. खोटा निकाल त्यांनी जन्मात दिलेला नाही. एकदा हळूच म्हणाले, "पब्लिकनं चपला घातल्या तर मी तिला काय सांगू?"

प्रयोगाला पुढची खुर्ची सोडून ते स्टेजजवळच्या दाराशी जाऊन उभे राहिले, तोंड आमच्याकडे. पडदा उघडला. महानंदाचं पहिलं वाक्य आलं आणि अण्णांची मान स्टेजकडे वळली. वळली ती वळलीच. मी अधूनमधून बघत होतो. दोन अंक संपेपर्यंत माणूस जागचा हलला नाही.

नाटक संपल्यावर तोंडाचा रंगही न पुसता महानंदा धावत आली.

"अण्णा, खरं सांगा. लोकांना कसं वाटलं?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मला लई सांगायचं होतं, पण तिला माझं मत नको होतं.

"लोकांकडं बघायचंच राहिलं गं," अण्णा ओशाळून म्हणाले. "तुलाच बघत बसलो."

महानंदा हसली. डोळे पुसायला गेली तर गालभर काजळ पसरलं.

"मग अजून एक प्रयोग करावा लागंल की," ती म्हणाली.