सांत्वनाला येताना स्वतःचं वाक्य आणावं

मुलांनो, अशी कल्पना करा की एक तान्हं बाळ पाळण्यात पडलं आहे. त्याची आई त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन सकाळपासून म्हणते आहे, "आई म्हण, आई." शेजारीण डोकावते आणि तेच म्हणते. बाबा कामावरून येतात आणि बूट न काढताच "बाबा म्हण" असा स्वतंत्र प्रचार सुरू करतात. असे काही महिने जातात आणि एके दिवशी बाळ कंटाळून "आई" म्हणतं. लगेच चार घरी फोन जातात : "अहो, स्वतःहून बोललं!"

यावरून सिद्ध होतं की माणूस जन्मापासून स्वतःच्याच शब्दांत बोलतो.

आता कल्पना थोडी पुढे न्या. तुम्ही मोठे झाला आहात, ओळखीच्या घरात कुणीतरी वारलं आहे आणि तुम्ही त्यांचा जिना चढता आहात. काय बोलायचं? घाबरू नका. सांत्वन ही अतिशय शिस्तीची गोष्ट आहे आणि तिची वाक्यं ठरलेली आहेत. आत शिरताना "कल्पनाच करवत नाही". बसल्यावर "परवाच तर भेटले होते" (परवा म्हणजे गेल्या दहा वर्षांतला कोणताही दिवस). गेलेला माणूस आजारी असेल तर "सुटले बिचारे", धडधाकट असेल तर "चालता-बोलता गेले, नशीबवान". म्हणजे कसंही गेलं तरी माणसाचा फायदाच होतो. आणि निघताना, अर्धवट उभं राहून, "काही लागलं तर हक्कानं सांगा". हे बसून म्हणू नये. बसून म्हटलं तर लोक खरंच काहीतरी सांगतात.

ही वाक्यं कुणी पहिल्यांदा म्हटली हे कुणालाच माहीत नाही, म्हणूनच ती प्रत्येकाची स्वतःची आहेत.

अशा या सुरळीत व्यवस्थेत एका दहा वर्षांच्या मुलीने जो गोंधळ घातला, तो आज सांगतो.

तिचे आजोबा तिला "बाईसाहेब" म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू. डॉक्टरांनी तिला स्वमग्न म्हटलं होतं. (हा शब्द ज्याने शोधला, त्याने इतर लोकांना फोनमध्ये स्वतःचे फोटो काढताना पाहिलं नसावं.) बाईसाहेब बोलायच्या, पण टीव्हीतल्या वाक्यांनी. बातम्या, हवामान, जाहिराती, मालिका, रात्रीचे सिनेमे, सगळं त्यांच्याकडे साठवलेलं होतं आणि जे वाक्य जिथे बसेल तिथे त्या ते बसवायच्या, मूळ आवाजासकट आणि मूळ मानेच्या झटक्यासकट.

उदाहरणार्थ, बाबांचा स्कूटर लावण्याचा आवाज जरा जोरात आला की बाईसाहेब आईला सांगायच्या, "किनारपट्टीला सतर्कतेचा इशारा देण्यात आला आहे." आई-बाबांचं भांडण रंगात आलं की मधे उभ्या राहायच्या : "इथे घेऊया एक छोटीशी विश्रांती." आई-बाबा खरोखरच विश्रांती घ्यायचे. आणि भाजी आवडली नाही तर ताट हळूच पुढे सरकवून, दोन्ही हात जोडून म्हणायच्या, "जनतेचा कौल आम्हाला मान्य आहे."

आजोबांना हे सगळं पाठ होतं. संध्याकाळी दोघं टीव्हीसमोर बसत. आजोबा बाथरूमला उठले की बाईसाहेब म्हणत, "कुठेही जाऊ नका," आणि आतून आजोबा ओरडत, "आम्ही लगेच परत येतोय!" आजी म्हणायची, "दोघांनाही एकाच कपाटात ठेवा."

मग आजोबा गेले. सकाळी चहा घेताना, खुर्चीतच.

घरातल्या प्रत्येकाने ठरलेली वाक्यं म्हटली. आजी मात्र काहीच बोलली नाही. ती भिंतीला टेकून बसली आणि बसूनच राहिली. समोर भरलेली खोली, आणि बाईसाहेब तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. निवेदिका उभी राहते तशा, सरळ, हात पुढे बांधून. आणि म्हणाल्या :

"प्रक्षेपणात आलेल्या व्यत्ययाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत."

खोलीत कुणाचा तरी कप बशीत आदळला. आजीने मात्र बाईसाहेबांचा हात धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही. हे कुणी पाहिलं नाही, कारण सगळे एकमेकांचे चेहरे पाहत होते.

घरात निर्णय मोठे काका घ्यायचे. (बाबांचंही मत विचारलं जाई, पण निर्णयानंतर.) मोठ्या काकांनी बाईसाहेबांच्या आईला आत बोलावलं.

"हे शोभतं का? बाहेर माझे साहेब बसलेत."

"भावजी, तिला वाईट वाटलंय. ती तसंच सांगते."

"वाईट वाटलं तर वाईट वाटल्यासारखं वागायचं! पाहुण्यांसमोर पुन्हा एक जरी टीव्हीचं वाक्य आलं, तर सगळं पार पडेपर्यंत हिला तिच्या मावशीकडे पाठवायचं. मी तिकीट काढून ठेवतो."

बाईसाहेबांना आजीपाशी राहायचं होतं. आईला ते कळत होतं. ती मुलीला स्वयंपाकघरात घेऊन गेली, ओट्याला टेकली आणि घाईघाईत एक सल्ला दिला. तो शंभरातल्या नव्याण्णव आयांनी दिला असता.

"हे बघ राणी, टीव्हीतलं काही बोलायचं नाही. पाहुणे कसे बसतात, कसे बोलतात ते नीट बघ. आणि अगदी तसंच कर."

बाईसाहेबांनी मान हलवली. त्या जाऊन दाराजवळच्या चपलांच्या कपाटाशेजारी बसल्या. ही जागा उत्तम होती. इथून खोलीतलं सगळं दिसायचं आणि जिन्यातलं सगळं ऐकू यायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोली पुन्हा भरली. मोठ्या काकांचे साहेब पुन्हा आले होते (पहिल्या दिवशी त्यांना मधेच फोन आला होता, त्यामुळे दुःख अर्धंच राहिलं होतं). आदल्या दिवशी येऊन गेलेली एक लांबची आत्या होती. आजोबांची पॉलिसी काढणारा विमा एजंटही पुन्हा आला होता. बाईसाहेब आल्या आणि अगदी मोठ्या माणसासारख्या, गुडघ्यावर तळवा ठेवून बसल्या. मोठ्या काकांनी समाधानाने मान डोलावली.

बाईसाहेबांनी एक सुस्कारा दोन हप्त्यांत सोडला. "कल्पनाच करवत नाही," त्या साहेबांच्या आवाजात म्हणाल्या. साहेबांना ते वाक्य फार आवडलं.

"परवाच तर भेटले होते." हा आवाज विमा एजंटाचा. त्याचबरोबर बाईसाहेबांनी मांडीआड रिकाम्या तळव्यात बघून अंगठ्याने काहीतरी वर सरकवलं, किंचित हसल्या, आणि पुन्हा चेहरा पाडला. एजंटाने आपला फोन हळूच खिशात टाकला.

मग त्या अर्धवट उभ्या राहिल्या, "काही लागलं तर हक्कानं सांगा" म्हणाल्या, आणि चपलांच्या कपाटापाशी गेल्या. आईला वाटलं संपलं. पण आईने "अगदी तसंच" सांगितलं होतं, आणि पाहुणे तिथे संपत नाहीत. बाईसाहेब नसलेली चप्पल घालायला वाकल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या :

"म्हातारी रडली का गं? मला तर एक थेंब दिसला नाही. आणि चहा तरी जरा बरा करायचा."

"अगंबाई!" लांबची आत्या छातीवर हात ठेवून म्हणाली. "असं कोण बोलेल बाई!"

तिने हे म्हटलं आणि सगळी खोली तिच्याकडे वळली, कारण आवाज तोच होता.

बाईसाहेब आता गॅलरीच्या दाराशी गेल्या, कानाला हात लावला, पाठ फिरवली. मोठ्या काकांसारख्या टाचांवर झुलल्या. "हो हो, येतो. उरकत आलंय. आईचं काय, दोन दिवसांत येईल ताळ्यावर."

"हिला मावशीकडे पाठवा," मोठे काका म्हणाले. "आजच."

"भावजी, एकही वाक्य टीव्हीतलं नव्हतं," आई म्हणाली. हे तिने फार हळू म्हटलं, पण म्हटलं.

मोठे काका न्यायी होते. त्यांनी नियम तपासला आणि त्यात त्रुटी आढळल्यामुळे दुरुस्ती केली. "ठीक आहे. मग यापुढे या घरात कुणाचंच वाक्य म्हणायचं नाही. टीव्हीचं नाही, पाहुण्यांचं नाही. जे बोलायचं ते स्वतःचं, स्वतःच्या मनातलं. नाहीतर मावशी."

"बरोबर आहे," भिंतीजवळून आवाज आला.

आजी बोलली होती. सगळे चपापले.

"बरोबर आहे तुझं," आजी म्हणाली. "पण मग नियम सगळ्यांनाच लावायचा."

"आई, अगं आम्हाला कशाला? आम्ही काय..."

"सगळ्यांना. नाहीतर मीही जाते तिच्याबरोबर तिच्या मावशीकडे."

"आई, तुझी त्यांची ओळखसुद्धा नीट नाही!"

"गेल्यावर होईल."

असा तो नियम त्या दुपारी लागू झाला. मुलांनो, नियम म्हणून तो निर्दोष होता. एका मुलीकडून जे मागायचं, तेच खोलीतल्या प्रत्येकाकडून मागायचं. बाबांना दारात उभं केलं. ते येणाऱ्याला नम्रपणे सांगत, "या, बसा. फक्त तेवढं वाक्य स्वतःचं असू द्या." (हे वाक्य मात्र बाबांचं स्वतःचं होतं. त्यांच्या आयुष्यातलं बहुधा पहिलं.)

सुरुवात साहेबांनी केली. त्यांना सभांमध्ये बोलायची सवय होती. ते घसा खाकरून म्हणाले, "माझ्याकडे खरोखर शब्दच नाहीत."

आजीने बोट वर केलं. "हे कालपासून चौघांनी म्हटलंय."

साहेबांकडे मग खरोखरच शब्द उरले नाहीत.

विमा एजंट म्हणाला, "आजी, आयुष्य म्हणजे..." आणि थांबला, कारण पुढचं वाक्य कंपनीच्या कॅलेंडरवर छापलेलं होतं. लांबच्या आत्याने शब्दांचा नाद सोडला आणि कपाळाला उलटा तळवा लावून मान एका बाजूला टाकली. पण बाईसाहेबांनी तिच्याकडे ज्या ओळखीच्या नजरेने पाहिलं, त्यावरून आत्याच्याही लक्षात आलं की हे रोज साडेआठच्या मालिकेत असतं. आत्याने हात खाली घेतला. आता तो कुठे ठेवायचा हे तिला कळेना. मांडीवर ठेवला, तर तो फोटोत ठेवल्यासारखा वाटायला लागला.

नंतर जे आले ते दारातच नियम ऐकून गप्प झाले. कुणी ओठ उघडायचे, मनातल्या मनात वाक्य तपासायचं, आणि ओठ मिटायचे. संध्याकाळपर्यंत ती खोली माणसांनी गच्च भरली, आणि त्यातल्या कुणाकडेही बोलायला काही नव्हतं. काकांच्या नियमाप्रमाणे आता या सर्वांना मावशीकडे पाठवणं भाग होतं. पण मावशींची एकच खोली होती आणि त्यांचा काही गुन्हाही नव्हता.

मोठे काका सगळ्यांच्या शेवटी आपल्या आईसमोर येऊन बसले. गेल्या कित्येक वर्षांत ते तिच्यासमोर इतके जवळ बसले नव्हते. त्यांनी एकदा तोंड उघडलं, दुसऱ्यांदा उघडलं. आजी वाट बघत होती. ती चिडलेली नव्हती. नियम मुलाने केला होता आणि तिला खरंच ऐकायचं होतं.

"आई," ते म्हणाले. आणि पुढे काही येईना.

"हं," आजी म्हणाली. "हे चालेल."

आता मुलांनो, तुम्हीही त्या खोलीत आहात. सतरंजीच्या कडेला जरा जागा आहे, तिथे बसा. तुमची पाळी आली आहे आणि आजी तुमच्याकडे बघते आहे. एक वाक्य म्हणा. एकच, पण पूर्वी कुणी म्हटलेलं नको. मी थांबतो.

जमलं? नीट बघा, ते कुठून आलंय. शाळेच्या निरोप समारंभातून? एखाद्या सिनेमाच्या शेवटच्या पाच मिनिटांतून? की बाबा फोनवर बोलत होते तेव्हा ऐकलंत? लाजू नका. मीही तेव्हापासून वाक्य शोधतोच आहे, आणि ज्यांनी ही गोष्ट तुम्हाला वाचून दाखवली ते बघा कसे गप्प झालेत.

बाईसाहेब बराच वेळ सगळ्यांकडे बघत होत्या. इतकी मोठी माणसं, आणि एकाकडेही बोलायला काही नाही, हे त्यांना पाहवेना. नियमात टीव्ही लावायला मनाई नव्हती. त्या उठल्या, आजोबा गेल्यापासून बंद असलेला टीव्ही त्यांनी लावला, आणि मग दोन्ही हातांनी ढकलत ढकलत तो पाहुण्यांकडे वळवला, म्हणजे ज्याला जे लागेल ते त्यातून घेता येईल.