एकेचाळीस तारखांची चोरी

देवरीपासून गोंदियापर्यंतचे गुन्हेगार निवांत झोपतात असे कोणी म्हणत असेल, तर त्याला माझे नाव अजून कळलेले नाही. मी शालीकराम, खाजगी गुप्तहेर. उंची पाच फूट तीन इंच. बुद्धी मोजायची फूटपट्टी अजून निघायची आहे. कामठ्याची हरवलेली बैलजोडी मीच शोधली. बैल आपल्या पायांनी घरी आले हे खरे, पण मी तपास सुरू केल्यावरच आले, हे लोक सांगत नाहीत. योगराज हा माझा मदतनीस आणि साळाही. मी कुठे काय घोळ घालतो यावर नजर ठेवायला बायकोने त्याला माझ्यामागे लावला आहे, असे तो म्हणतो. मी त्याला पिशवी धरायला ठेवला आहे.

परवा मंगळवारी सकाळी केशोरावांचा फोन आला. केशोराव म्हणजे देवरीतल्या नाटक कंपनीचे मालक, आणि त्याच कंपनीचे राजे, खलनायक, वेळ पडली तर न्यायाधीशही. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलेच. गावकरी मोबाइलवर फॉर्म भरून तारीख मागतात आणि ती कंपनीच्या कॉम्प्युटरातल्या यादीत चढते. ती यादी आठवड्यात तिसऱ्यांदा कोरी झाली होती. एकेचाळीस गावांच्या तारखा गायब!

आम्ही पोचलो तेव्हा केशोराव ऑफिसच्या दारात उभे राहून गरजत होते. "चोर घरातलाच आहे! पासवर्ड या पोरीलेच माहीत आहे. हिनंच तारखा दुसऱ्या कंपनीले विकल्या. चार वाजता कामठ्याची मंडळी पोस्टर न्यायले येऊन राहिली. तोवर छडा लागला नाही, तं उद्यापासून ही इथं दिसणार नाही."

समोरच्या स्टँडवर उभ्या असलेल्या तीन बसमधून लोकांनी माना बाहेर काढल्या.

ही पोरगी म्हणजे समीक्षा, कंपनीची ऑपरेटर. तिचा बाप देवीदास एका मिस्त्रीच्या हाताखाली विटा वाहतो. त्याने पोटाला चिमटा घेऊन तिला गोंदियात कॉम्प्युटर शिकवला. ही तिची पहिलीच नोकरी, आणि चोर म्हणून गेली असती तर देवरीत दुसरी कोणी दिली नसती. तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाज पक्का होता.

"सर, ही चोरी नाही. ड्रायव्हर जुना आहे, त्याच्यात..."

"संशयितांनी मध्ये बोलायचे नाही," मी म्हणालो आणि वहीत लिहिले, मुख्य संशयित, समीक्षा.

मग मी माझी पद्धत लावली. कीबोर्डखाली मुरमुऱ्याचा एक दाणा सापडला. तो मी भिंगातून पाहिला, हुंगला, आणि चुकून खाल्ला.

"उंदीर! त्यांनी तारखा कुरतडल्या."

"भाऊजी, तारखा कागदावर नाहीत," योगराज म्हणाला.

"म्हणूनच तुकडे सापडत नाहीत."

तेवढ्यात टेबलाखाली एक काळी दाढी दिसली. वेषांतर! मी ती चिमट्याने उचलणार, तोच केशोराव ओरडले, "राहू द्या गा, दुसऱ्या अंकातली आहे." कपाटात आणखी सहा दाढ्या आणि दोन जटा निघाल्या. संशयितांची संख्या एकदम नऊवर गेली.

शेवटी असे कळले की हे यंत्र पाच मिनिटे हात लावला नाही तर झोपी जाते. माझ्या डोक्यात वीज चमकली. ते झोपेत बरळत असणार, आणि तारखा कोणीतरी ऐकून जात असणार! मी योगराजला कॉम्प्युटरला कान लावून बसवला. पाऊण तासाने त्याने कळवले की यंत्र गप्प आहे आणि कान तापला आहे.

तीन वाजले. इतका वेळ खोली झाडणारी रुख्मिणीबाई खराटा थांबवून म्हणाली, "बापा, ते पोरगी सकाळपासून काही सांगून राहिली. एकडाव आयकून तं घ्या."

मी मोठ्या मनाने परवानगी दिली.

"फॉर्म आणि यादी यांच्यामध्ये निरोप नेणारा एक लहानसा प्रोग्राम असते," समीक्षा म्हणाली. "त्याले ड्रायव्हर म्हणतात. 'गावाचं नाव' या रकान्यात कोणी काहीही लिहू दे, ड्रायव्हरनं ते नाव म्हणूनच, पुडीत बांधून न्यायला पाहिजे. आपल्या जुन्या ड्रायव्हरची पुडी फाटकी आहे. हे पाहा, सकाळी दहा वाजता गावाच्या नावाच्या जागी काय आलं."

पडद्यावर एक इंग्रजी ओळ होती.

"याचा अर्थ, सगळी यादी पुसून टाक. ड्रायव्हरनं हे नाव म्हणून नाही, हुकूम म्हणून पोचवलं. यादीनं ऐकलं."

"लिहिलं कोणी?" मी पेन्सिल सरसावली.

"माणूस नसेलच, सर. असे प्रोग्राम जगभर दारं ढकलत फिरतात. ज्याचं उघडं सापडलं, त्याच्यात शिरतात."

माझ्या वहीत गुन्हेगाराची उंची, रंग आणि चालण्याची लकब असे तीन रकाने होते. तिन्ही रिकामे राहिले, याचे मला मनापासून वाईट वाटले.

"ड्रायव्हर बनवणाऱ्यांनी हे भोक तीन महिन्यांपूर्वीच जाहीर केलं," ती पुढे म्हणाली. "भोक बुजवलेला नवा ड्रायव्हर फुकट मिळते. तो टाकायचा. फॉर्मले फक्त नोंद चढवू द्यायची, पुसायची परवानगी काढून घ्यायची. मग कालच्या कॉपीतून यादी परत आणायची. अर्ध्या तासाचं काम आहे. भोक तसंच ठेवून यादी परत आणली, म्हणून तं तीनदा गेली."

"मग नवा काऊन नाही टाकला?" योगराजने विचारले.

समीक्षाने केशोरावांकडे पाहिले. राजे जमिनीकडे पाहू लागले.

"म्याच नाही म्हटलं," ते पुटपुटले. "सीझनचा नारळ फोडला का होळीपर्यंत आमच्या कंपनीत काही बदलत नाही. नट नाही, पडदा नाही, मशीनही नाही. तीन पिढ्यांपासून चालत आलं. आता मोडलं आन् नाटक पडलं तं?"

रुख्मिणीबाई कोपऱ्यातला कचरा भरत होती.

"तं दुसरा नारळ फोडा ना," ती म्हणाली.

तीन पिढ्यांत हे कोणाच्या डोक्यात आले नव्हते. योगराज धावत जाऊन नारळ घेऊन आला. माझा पहिला घाव माझ्याच अंगठ्यावर बसला, म्हणून नारळ रुख्मिणीबाईने फोडला. समीक्षाने नवा ड्रायव्हर टाकला, परवानग्या बदलल्या, यादी परत आणली. मग ती दुष्ट ओळ तिने स्वतःच फॉर्ममध्ये लिहून पाहिली. यादीत बेचाळिसावे एक गाव दिसू लागले, ज्याचे नाव कोणाला वाचता येणार नाही. बाकी एकेचाळीस जागच्या जागी होती. तिने ते गाव काढून टाकले.

चारला कामठ्याची मंडळी जीपमधून उतरली. "आमची तारीख पक्की ना गा?"

"पक्की म्हणजे पक्की!" केशोराव पोस्टर शोधू लागले. समीक्षा खुर्चीवरून उठली नाही.

"भाऊ, सकाळी मले चोर म्हटलं ते दारात उभं राहून म्हटलं. आख्ख्या स्टँडनं ऐकलं. माझ्या बाबाले कामावर फोन गेला. आता तिथूनच बोला."

दहा दहा मिनिटांची स्वगते एका दमात म्हणणारे केशोराव दारात गेले. छाती फुगवली. "हे देवरीच्या प्रजाजनहो! नियतीच्या या क्रूर खेळात..."

"लहान सांगा," दाराआडून रुख्मिणीबाई म्हणाली.

केशोरावांनी तीनदा तोंड उघडले आणि मिटले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाक्य आठवत नव्हते.

"माझी चूक झाली," रुख्मिणीबाईने हळूच पुरवले.

"माझी चूक झाली!" आवाज स्टँडपलीकडे गेला, आणि मग एकदम बसला. "पोरगी सच्ची आहे. तारखा हिनंच वाचवल्या."

समीक्षाने ओढणीने डोळे पुसले आणि कामठ्याची पोस्टरे मोजून दिली. तिचे ते तोंड पाहून मला माझीच लाज वाटली. मी वही बगलेत मारून मागच्या दाराकडे सरकलो. तिथे योगराज आडवा उभा होता.

"भाऊजी," तो कानाशी म्हणाला, "आता तुमचं वाक्य."